न्हाणीतली वाफ

दवाखान्यातल्या नर्सबाई सोडल्या, तर आमच्या वस्तीतल्या बहुतेक पोरांच्या अंगाला पहिले हात लागले ते रुखमाबाईचे. पोरं मोठी होतात, मोटारसायकली उडवतात, मिशा कोरतात, पण रुखमाबाई गल्लीतून चालली की गाडी हळू करतात. ती कोणालाही भर रस्त्यात थांबवून म्हणू शकते, "तुले म्या मांडीवर पालथं टाकून धुतलं हाय, मले नको शिकवू."

रुखमाबाई नारनवरे बाळ-बाळंतिणीला आंघोळ घालायची. तिच्या सासूनं तिला शिकवलं, सासूला तिच्या सासूनं. तिच्या सुनेनं मात्र शाळेत नोकरी धरली आणि हे काम रुखमाबाईपाशीच थांबलं. कामठी रोडच्या अलीकडे, मोठ्या पेट्रोल पंपाच्या पाठीमागे आमची वस्ती. तिथे एकाच वेळी दोन-तीन बाळंतिणी तरी असतातच. सकाळी उठून रुखमाबाई एका घरातून दुसऱ्या घरात जायची, पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत तेलकट. मी शोभा, इथल्याच अंगणवाडीची सेविका. माझं काम वजनकाट्याचं, तिचं तेला-पाण्याचं, त्यामुळे आमच्यात कुरबुरी चालायच्या. मी काटा घेऊन आले की ती म्हणायची, "पोट्टं म्हंजे काय टमाटर हाय का वं, जवा पाहाव तवा तोलून राहिली?"

बाई मायाळू होती असं मी म्हणणार नाही. बाळाशी बोबडं बोलणं तिला जमायचं नाही. माझ्या धाकट्याच्या वेळी मला रडू कोसळलं होतं, काहीच कारण नव्हतं, तसं होतं त्या दिवसांत. ती म्हणाली, "रडाचं तं आंघोळीनंतर रड. पाणी थंडं होते." आणि कढत पाण्याचा तांब्या माझ्या कमरेवर ओतला. मला तेव्हा तिचा इतका राग आला होता, आणि तिच्या हातांखाली कंबर अशी मोकळी झाली होती, की राग कुठे ठेवावा कळेना. पण ते हात! बाळाला दोन्ही नडग्यांवर आडवं घेऊन, एका हातात मान, दुसऱ्या हातानं तेल, बेसन, पाणी. मी इतकी वर्षं पाहते आहे, तिच्या हातून बाळ एकदाही निसटलं नाही.

तिचे नियम ठरलेले. आंघोळीची जागा बंद पाहिजे. न्हाणीच्या खिडकीला चिंध्या कोंबायच्या, दाराला गोधडी लावायची, चुलीवरचं पाणी चांगलं उकळतं आणायचं आणि आत वाफ कोंडायची. बाळंतिणीला वारा लागता कामा नये, बाळाची टाळू उघडी पडता कामा नये. आधी आईची आंघोळ, मग बाळाची, मग ओवा-वावडिंगाची धुरी. तोपर्यंत दार उघडायचं नाही, बाहेर कोणी मेलं तरी. आणि पाणी विहिरीचंच.

आता विहिरीविषयी सांगायला हवं. नागपूरच्या दीक्षेनंतर, गिरणीत कामाला जाणाऱ्या आमच्या आजेसासऱ्यांच्या पिढीनं सुट्टीच्या दिवशी स्वतः खोदलेली ही विहीर. पुन्हा कोणाच्या पाणवठ्यावर जाऊन ओंजळ धरायची नाही, एवढ्याचसाठी. तिच्याविषयी वावगं बोललेलं आम्हाला खपत नाही. नळ नंतर आला, तोही सकाळी थोडा वेळ, म्हणून नळाचं पाणी प्यायला आणि स्वयंपाकाला, बाकी सगळं विहिरीचं. शिवाय हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं. रुखमाबाईच्या मते नळाच्या पाण्यात दवाई असते आणि त्यानं बाळाची कातडी फुटते. तेव्हा बाळंतिणीच्या घरी विहिरीवरून बादल्या भरून नेणं हे दिराचं, भाच्याचं, शेजाऱ्याचं कामच होतं.

एका उन्हाळ्यात विहिरीच्या पाण्याला वास यायला लागला. पेट्रोलचा वास, ओळखू न येण्यासारखं त्यात काही नव्हतं. बादलीत बघितलं की वर रंगीत तवंग. पंपावर जाऊन आमच्या माणसांनी विचारलं, तर तिथला मॅनेजर म्हणाला, "हमारी टंकी एकदम फिट है, भाई. आपके कुएँ का आप देखो." अर्ज झाले, बाटल्यांत पाणी भरून नेलं गेलं. शेवटी कोणीतरी येऊन विहिरीच्या कठड्यावर लाल रंगानं लिहून गेलं, की हे पाणी पिण्यास अयोग्य आहे.

आम्ही ते ऐकलं. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे बाहेरचे लोक आमच्याशी अडाण्यांशी बोलावं तसं बोलले. त्या दिवसापासून वस्तीत कोणी विहिरीचं पाणी प्यायलं नाही. पाहुण्याला दिलं नाही, भाजी त्यात शिजवली नाही, लहान पोरांना कठड्यापाशी फिरकू दिलं नाही. प्यायचं नाही म्हटलं, आम्ही प्यायलो नाही. आंघोळीचं कोणी काही म्हटलं नव्हतं. पाऊस लागला की वासही जायचा, उन्हाळ्यात परत यायचा, आणि माणूस कशालाही सरावतो. रुखमाबाई तर म्हणायची की वास नाहीच. बादलीवर तोंड नेऊन हुंगायची आणि म्हणायची, "कुठं हाय? मले तं काही येऊन नाई राहिला." पाण्याच्या बाबतीत तिच्यावर शब्द टाकायची हिंमत कोणात होती? आम्हाला वाटायचं, आपल्याच नाकात काहीतरी बसलं असेल.

रुखमाबाईच्या समोरच्या घरात माया आणि अमोल राहतात. त्यांची पहिली मुलगी अशोक विजयादशमीच्या दिवसांत झाली, दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या गर्दीनं रस्ते भरलेले होते, म्हणून तिचं नाव दीक्षा. थंडीतलं बाळ, तेही नाजूक, त्यामुळे रुखमाबाईनं सव्वा महिन्यावर न थांबता अख्खा हिवाळा आंघोळ घातली. बंद न्हाणीत, उकळत्या पाण्यानं, जीव लावून. दीक्षा माझ्या अंगणवाडीत आली तेव्हा चांगली गुटगुटीत होती. गाणी मोठ्यानं म्हणायची आणि शब्द चुकवायची. मग तिला ताप यायला लागला. पायावर निळे डाग दिसायला लागले, कुठे आपटली नसतानाही. मोठ्या दवाखान्यात रक्ताचा कॅन्सर निघाला. अमोल आणि मायानं जे करायचं ते सगळं केलं, डॉक्टरांनीही केलं. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती गेली.

तिची शेवटची आंघोळही रुखमाबाईनंच घातली. मी होते तिथे. न्हाणीत नाही, अंगणात, चादरी धरून. तेव्हाही पाणी विहिरीचंच होतं आणि ते तिनं गरम करून घेतलं होतं. कोणीतरी म्हणालं, आता कशाला गरम? रुखमाबाईनं पाण्यात बोटं बुडवून ते फार कढत नाही ना बघितलं.

विहारात पुण्यानुमोदन झालं, माणसं आपापल्या घरी गेली. माया त्यानंतर रडताना मला दिसली नाही. कामं करायची सगळी. एकदा मी तिच्याकडे गेले तर चहा उतू जात होता आणि ती गॅससमोर उभी राहून बघत होती. मी गॅस बंद केला. ती म्हणाली, "हो ताई, दिसलं मले." दिसलं होतं, पण हात उचलावासा वाटला नव्हता. मला तेव्हा तिची भीती वाटली. मी तिला बाहेर काढायला बघायची, शिवणाचे कपडे आणून द्यायची, तीही शिवून द्यायची, टाके सरळ असायचे. बोलायची मात्र विचारल्यापुरतं.

त्याच पावसाळ्यानंतर मिनल आली. तक्रारी वर कुठेतरी पोचल्या होत्या आणि तपासणीचं काम एका संस्थेला मिळालं होतं. तिची माणसं गल्लीत लोखंडी पाइप ठोकून मातीचे नमुने काढायची, विहिरीचं, बोअरचं पाणी बरण्यांत भरायची. मिनल स्वतः वर्ध्याची, पायात बूट, गळ्यात हवा तपासायचं यंत्र अडकवलेलं. बसायला जागा म्हणून तिला माझी अंगणवाडी दिली होती. सुरुवातीला मला ती आवडली नाही. आमच्या लेकरांच्या चटईवर बूट घालून आली. मी ओरडले, तिनं काढले, आणि पुढे कधीच विसरली नाही. मग मी तिला चहा द्यायला लागले.

तिनं मला तिचं काम सोपं करून सांगितलं. "ताई, पंपाची जमिनीखालची टाकी गळलीये हे तर दिसतंच आहे. पण जमिनीत विष असणं वेगळं आणि ते माणसाच्या अंगात जाणं वेगळं. मध्ये वाट लागते. ती वाट कुठली, तिच्यातून किती जातं, कोणाच्या अंगात जातं, एवढं मी शोधते." पेट्रोलमध्ये बेन्झीन नावाचं एक असतं आणि ते रक्त जिथे तयार होतं तिथेच घाव घालतं, हेही तिनंच सांगितलं. मी तिला दीक्षाचं सांगितलं.

मी तिच्याबरोबर घरोघर गेले. पाणी पिता का? नाही. स्वयंपाकाला? नाही. आंघोळीला? हो, पण पुरुष अंगणातच दोन बादल्या ओतून मोकळे. सगळ्यांनी खरं तेच सांगितलं. मिनलचा चेहरा हळूहळू सैल व्हायला लागला. म्हणाली, "पिणं थांबलंय, हे फार चांगलं झालं. मग धोका बराच कमी निघेल." मला बरं वाटलं. आपल्या वस्तीचा अभिमानही वाटला, खोटं कशाला बोलू.

शेवटी रुखमाबाईचं घर राहिलं होतं. तिच्या नातवाची, रोशनची बायको नंदिनी तेव्हा बाळंत झालेली. आम्ही गेलो तेव्हा न्हाणीच्या दाराला गोधडी लागली होती आणि आतून रुखमाबाईचा आवाज येत होता. थांबलो. मिनल ओसरीवर टेकली, नंदिनीच्या सासूनं पाणी दिलं, नळाचं आहे असं सांगून दिलं. बऱ्याच वेळानं गोधडी बाजूला झाली आणि न्हाणीतली वाफ आमच्या अंगावर आली. त्याबरोबर मिनलच्या गळ्यातलं यंत्र ओरडायला लागलं.

ती उठून उभी राहिली. यंत्राकडे बघितलं, आत बघितलं. आत रुखमाबाई पाटावर बसलेली, घामानं निथळत, बाळ टॉवेलात गुंडाळून छातीशी धरलेलं. मिनलनं विचारलं, "आजी, हे पाणी कुठलं?"

"विहिरीचं. काहून? प्याचं थोडीच हाय?"

मिनल सरळ आत शिरली आणि खिडकीतल्या चिंध्या उपसायला लागली. रुखमाबाईनं तिच्या हातावर फटका मारला. "वारा लागन न पोट्ट्याले! शिकल्या पोरी तुमी, येवढं नाई समजत?" मिनलनं फटका खाल्ला आणि खिडकी उघडली. मग सगळ्यांना अंगणात आणून बसवलं आणि समजावलं. गार पाण्यातलं बेन्झीन थोडं थोडं उडतं, उकळत्या पाण्यातलं सगळं वाफेत येतं. बंद खोलीत ती वाफ श्वासातून आत जाते. पाणी प्यायल्याइतकंच जातं, कदाचित जास्तच. वासावर जाऊ नका; जे नाक रोज त्यात राहतं ते वास सांगायचं बंद करतं, आणि पावसात वास गेला म्हणून विष गेलं असं होत नाही. कोणावर रागावल्यासारखी ती बोलत नव्हती.

गल्लीत माणसं जमली होती. समोरच्या दारात मायाही येऊन उभी राहिली होती. रुखमाबाईनं बाळ नंदिनीच्या हातात दिलं, हात पदराला पुसले, पुन्हा पुसले.

"मायाच्या पोट्टीले म्याच घातली होती आंघोळ," ती म्हणाली. "पूरा हिवाळा घातली. तिले ह्याच्यानंच झालं काय?"

मिनलनं मायाकडे बघितलं नाही, कारण तिला माया कोण ते माहीत होतं. "आजी, मला आत्ता नाही सांगता येणार. हिशेब करावा लागेल."

"कर मंग," रुखमाबाई म्हणाली. "म्या थांबतो."

त्या दिवसापासून तिनं काम सोडलं. कोणी सोडायला सांगायच्या आतच. नंदिनीच्या बाळाला, स्वतःच्या पणतवालासुद्धा ती हात लावेना. नंदिनी घाबरत घाबरत नळाच्या पाण्यानं त्याला पुसून काढायची आणि रुखमाबाई ओसरीवर पाठ करून बसायची. बाळ रडलं की तिच्या खांद्यांची हालचाल व्हायची, पण उठायची नाही. इतर घरच्या बायका चांगल्या होत्या, म्हणायच्या, "आजी, आता आराम करा, लय केलं तुम्ही." त्यात खोच नव्हती. मला मात्र ते ऐकून चीड यायची, कारण त्याच बायका आपल्या लेकीसुनांसाठी दुसरीकडून बाई शोधत होत्या आणि रुखमाबाईला हे कळत होतं. मिनल दिसली की रुखमाबाई एकच विचारायची, "निघालं काय वं?" मिनल नाही म्हणून मान हलवायची.

निघालं ते थंडी सरता सरता. विहाराच्या हॉलमध्ये सभा झाली. मिनलचे साहेब आले होते, त्यांनी भिंतीवर नकाशा दाखवला. पंपापासून आमच्या वस्तीपर्यंत जमिनीखालून लाल डाग पसरला होता, विहीर त्याच्या मधोमध. टाकी गळाल्याचं पंपवाल्यांनीही आता कबूल केलं होतं. टाकी उपसायची, विहिरीवर स्लॅब टाकायचा, नळाला जास्त वेळ पाणी द्यायचं, सगळं ठरलं. साहेब म्हणाले की इतक्या हजार माणसांनी इतकी वर्षं असं केलं तर त्यांच्यात इतकी माणसं जास्त आजारी पडू शकतात, आणि बंद न्हाणीतल्या आंघोळीमुळे तो आकडा वाढतो. माणसं ऐकत होती. मीही ऐकत होते. मला आतून काहीच वाटत नव्हतं, फक्त पंखा फार जोरात फिरतोय असं वाटत होतं.

रुखमाबाई पुढच्या रांगेत बसली होती. साहेबांचं बोलणं संपल्यावर उठली. साहेबांकडे न बघता मिनलला म्हणाली, "तिले ह्याच्यानंच झालं काय, ते सांग."

मिनल खाली उतरून तिच्यासमोर आली. "आजी, हे गणित सगळ्या वस्तीचं आहे. त्यातून एका मुलीचं उत्तर येत नाही. पाण्यामुळे झालं असेल. पाण्याशिवायही झालं असेल. जिथे पंप नाही, विहीर नाही, तिथल्या मुलांनाही होतं. मी खोटं सांगणार नाही, मला माहीत नाही. कोणालाच कळणार नाही."

"हो म्हण, नाई तं नाई म्हण."

"नाही म्हणता येत, आजी. हो पण नाही म्हणता येत."

मला त्या पोरीची कीव आली आणि तितकाच संतापही आला. एवढे पाइप ठोकले, एवढ्या बरण्या भरल्या, आणि ज्या एका गोष्टीसाठी ही बाई जीव मुठीत धरून बसली होती तेवढीच सांगता येत नाही म्हणे. माया मागे भिंतीला टेकून बसली होती. तिच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही. मग मिनलनं आणखी एक सांगितलं. बाळं महिना-दोन महिने त्या वाफेत होती, आया तेवढ्याच. रोज, घरोघर, वर्षानुवर्षं जी त्या वाफेत बसली ती एकटी रुखमाबाई. पाहणीच्या प्रश्नांत अशा कोणा माणसाचा विचारच केलेला नव्हता. सगळ्या वस्तीत सगळ्यात जास्त धोका तिलाच होता आणि तिचं रक्त लगेच तपासायला हवं होतं.

रुखमाबाईनं हात पुढे केला, जणू तिथेच सुई टोचून घ्यायची आहे. खरं सांगू? तिच्या चेहऱ्यावर मला सुटका दिसली.

रक्त तपासायला रोशन तिला घेऊन गेला. रिपोर्ट आला त्या दिवशी ती सरळ माझ्याकडे अंगणवाडीत आली, कारण घरच्यांनी वाचून दाखवलेलं तिला पटलं नव्हतं. मी वाचलं. डॉक्टरांनी लिहिलं होतं, वयाच्या मानानं रक्त चांगलं आहे, वर्षानं पुन्हा दाखवा. मी आनंदानं म्हणाले, "आजी, सगळं ठीक आहे! काही निघालं नाही."

ती पोरांच्या छोट्या खुर्चीवर बसली. "पुन्यांदा वाच."

मी पुन्हा वाचलं.

"मले काहून नाई झालं, शोभा?" ती म्हणाली. इतक्या वर्षांत मी तिचा असा आवाज ऐकला नव्हता. "ते येवढीशी पोट्टी. थोडी वाफ गेली तिच्या पोटात, अन् गेली. म्या गंजानं, हंड्यानं वाफ गिळली. मले काहून नाई झालं? मले झालं असतं तं म्या समजली असती न, का ह्याच्यानंच होते. आता काय समजू म्या?"

मी अंगणवाडीत गप्पिष्ट म्हणून प्रसिद्ध आहे. पण हातातल्या कागदाची घडी घातली, एवढंच मला करता आलं. दारात कोणीतरी उभं होतं म्हणून बघितलं तर माया. तिला दिवस गेले होते आणि नाव नोंदवायला ती आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. आत आली, माझ्यापुढे आधार कार्ड ठेवलं, रुखमाबाईला ओलांडून नाही, बाजूनं वळसा घालून. रुखमाबाई उठून गेली. मायानं विचारलं, "ताई, गोळ्या आजच भेटन का?"

पुढच्या हिवाळ्यात मायाला मुलगी झाली. तोवर विहिरीवर स्लॅब पडला होता. तिच्यावर बसून पोरं मोबाइल बघायची, मला ते बघवायचं नाही. पंपाची टाकी उपसली होती आणि नळाला दोन्ही वेळा पाणी यायला लागलं होतं. मायाची आई पार्वतीबाई उमरेडहून बाळंतपणासाठी आली होती. प्रेमळ बाई, पण मनगटं संधिवातानं गेलेली. मी वजन करायला गेले तेव्हा आंघोळ चालली होती. तेलानं बुळबुळीत झालेलं बाळ त्यांच्या पायांवरून घसरायला बघत होतं, पाणी नाकात जात होतं, बाळ जीव तोडून रडत होतं आणि पार्वतीबाईही रडायच्या बेतात होत्या. समोरच्या ओसरीवर रुखमाबाई बसलेली होती. तिला सगळं ऐकू येत होतं. तिनं डोळे मिटून घेतले होते.

मायानं बाळ उचललं, टॉवेलात गुंडाळलं आणि अनवाणी गल्ली ओलांडून गेली. ओली बाळंतीण, डोक्याला काही नाही. मी काटा तिथेच टाकून मागे धावले. तिनं बाळ रुखमाबाईच्या मांडीवर ठेवलं.

रुखमाबाईनं हात वर उचलले, बाळाला लागू नयेत म्हणून. "माया, दुसरी पाह्य वं कोनी."

"दुसरी कोन हाय?"

"माह्या हातानं नको."

माया तिच्यासमोर उभीच होती. आवाज सपाट, बाजारातल्या वस्तूविषयी बोलावा तसा. "मी तुमच्यावर रागावली नाई, आजी. माफ बी नाई केलं. मले तसं काहीच येत नाई आतून. दीक्षा गेली तवापासून काहीच नाई येत. ही झाली तरी नाई आलं. ही रडते ते ऐकू येते फक्त. तिले आंघोळ घाला."

रुखमाबाईचे हात तसेच हवेत होते. मग बाळाची मान कलली, आणि तिचा उजवा हात आपोआप खाली आला आणि मानेखाली गेला.

नंदिनीनं नळाचं पाणी तापवलं. न्हाणीच्या खिडकीत आता चिंध्या नव्हत्या, दारही उघडंच ठेवलं. गार हवा आत येत होती, रुखमाबाईला त्याची सवय नव्हती, ती दर थोड्या वेळानं खिडकीकडे बघत होती आणि बाळावर ओणवी होत होती. पण हात तेच होते. तेल, बेसन, पाणी, टाळूवर तेलाची बोटं. बाळ आधी रडलं, मग हुंदके देत राहिलं, मग झोपलं. तिला कपड्यात बांधून मायाच्या हातात देईपर्यंत रुखमाबाईनं दम धरला. मग पाटावर बसल्या बसल्या पदर तोंडात कोंबून रडली. मीही रडले, पार्वतीबाईही. माया रडली नाही. लेकीला खांद्यावर घेऊन ती रुखमाबाईचं रडणं थांबेपर्यंत उभी राहिली.

"उद्या उन्हं आल्यावर या, आजी," ती म्हणाली. "खिडकी उघडी राह्यते आता, सकाळची थंडी लागते तिले."